चमचाभर यीस्ट आणि २० लिटरची टाकी

महिनाभर एक मेसेज आमच्याकडे फिरतोय. खानापूरच्या मेव्हण्याने पाठवला, निपाणीच्या मामांनी पाठवला. परवा सौंदत्तीसाठी गाडी ठरवायला आलेल्या गिऱ्हाईकाने तर मोबाईलच पुढे केला, "हे करता काय ओ तुम्ही?"

मेसेज थोडक्यात असा. गाडीतल्या नाहीतर होडीतल्या संडासाच्या टाकीत ते वास मारणारं निळं औषध ओतू नका, विष आहे. त्याऐवजी दोन चमचे यीस्ट, मूठभर गूळ आणि घरचं बायोएन्झाइम, म्हणजे गूळ आणि साली आंबवलेलं पाणी, घाला. वास जातो, मैल्याचं पाणी होतं, महिनाभर टाकी रिकामी करायला नको, आणि ते पाणी ओढ्यात किंवा शेतात सोडलं तरी खतच. शेवटी ठेवणीतलं वाक्य: "रेल्वेतही हेच वापरतात."

माझी ट्रॅव्हलर आहे, मागच्या कोपऱ्यात २० लिटरच्या टाकीचा संडास बसवलेला. पॅसेंजर उतरून गेले की ती टाकी मीच उचलतो. म्हणून बोलतोय.

निळ्या औषधाबद्दल मेसेज अगदीच चुकीचा नाही. जुन्या द्रावणांत फॉर्माल्डिहाइड असायचं, आजही बऱ्याच बाटल्यांत जंतू मारणारंच काहीतरी असतं. जंतू मेले की कुजणं थांबतं, कुजणं थांबलं की वास थांबतो. मैला आहे तिथेच असतो. अशी टाकी घरच्या सेप्टिक टँकमध्ये वरचेवर ओतली तर तिथले कामाचे जंतूही जातात. पण म्हणून यीस्ट हा त्यावरचा उतारा होत नाही. उतारा आहे तो नायट्रेटवाल्या औषधांचा. बंद टाकीत हवा संपली की जंतू हवेऐवजी पाण्यातल्या सल्फेट नावाच्या क्षारावर भागवतात आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. नायट्रेट समोर असलं की आधी ते उचलतात, सल्फेट तसंच राहतं. होडीवाल्यांचं दुखणं इथेच आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात अडीच ग्रॅमहून जास्त सल्फेट असतं, आणि फ्लशला तेच खारं पाणी. त्यांनी नुसतं गोडं पाणी वापरलं तरी फरक कळतो. कॅराव्हॅनवाले आणखी एक करतात: टाकीला छोटा पंखा जोडून आतली हवा कार्बनच्या फिल्टरमधून बाहेर काढतात. औषधाचा थेंब नाही आणि वासही नाही. हे मेसेजात का नाही, तर पंखा काही स्वयंपाकघरात सापडत नाही.

आता यीस्ट. यीस्टला साखर लागते. मैल्यात ती नसल्यातच जमा, आणि कागद त्याला पचत नाही. म्हणून मग गूळ. म्हणजे यीस्ट गूळ खाणार, गॅस सोडणार आणि मैला बघत बसणार. हे मी करून बसलोय. गोव्याहून परतताना सकाळी टाकीत गूळ-यीस्ट घातलं आणि चोर्ला घाट चढलो. खाली समुद्रसपाटी, वर जवळजवळ ८०० मीटर. बाहेर हवेचा दाब ८-९ टक्के उतरलेला, आत यीस्टचा गॅस कोंडलेला. कणकुंबीला चहासाठी थांबलो आणि नको ती बुद्धी झाली, टाकीचं बूच सैल केलं. सोड्याच्या बाटलीसारखं फस्सकन उडालं. तपकिरी फेस बोटांवरून मनगटावर, तिथून बाहीत. वास निम्मा बेकरीचा, निम्मा संडासाचा. चहावाल्या मामांनी न बोलता बादली आणून ठेवली. चहा मात्र गाडीपाशीच पाठवला.

महिनाभर टाकी पुरण्याचा हिशेब तर शाळकरी पोरालाही जमेल. एक माणूस दिवसाला साधारण १ ते १.५ लिटर लघवी करतो. चौघांचे झाले ५ लिटर, वर फ्लशचं पाणी. २० लिटर म्हणजे तीन दिवस, ओढूनताणून. लघवीत ९५ टक्के पाणीच असतं, आणि पाणी खाणारा जंतू अजून जन्मला नाही.

मेसेजचा एक मोठा भाऊही आहे, त्यात हेच मिश्रण घरच्या सेप्टिक टँकलाही सांगितलंय. तिथे खेळ जिवाशी आहे. तो टँक दर २-३ वर्षांनी मशीनच्या गाडीने उपसायचा असतो. वास नाही म्हणजे आत काही नाही, असं समजून कुणी झाकण काढून वाकू नये. सडक्या अंड्यांचा तो वायू, हायड्रोजन सल्फाइड, वाढला की नाकच बधिर होतं. वास बंद होतो, वायू तिथेच असतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तो वेगळाच.

ओढ्याचं सांगतो. चोर्ल्याच्या रस्त्यावर मेसेजवाल्याला जो ओढा दिसेल, त्याच्या आसपासच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. तीच खानापूरवरून पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात अडते, आणि त्या धरणाचं पाणी हुबळी-धारवाड पितं. म्हणजे यल्लम्माच्या वाटेवर आपण काय सोडलं, ते आपल्या आधी सौंदत्तीला पोचायचं. शेताचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शनात नुसती लघवी सगळ्या पिकांना चालायला २० अंशांवर ६ महिने साठवा म्हटलंय, आणि कोरडा मैला आपल्यासारख्या उष्ण हवेत वर्षाहून जास्त. चार दिवस गुळात आंबलेली टाकी यात कुठेच बसत नाही. जंताची अंडी गुळाला भीक घालत नाहीत.

रेल्वेच्या डब्याखाली आहे ते डीआरडीओचं, म्हणजे सरकारी संरक्षण संशोधन संस्थेचं, बायोडायजेस्टर. आत कप्पे, मुद्दाम वाढवून सोडलेले जंतू, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला शेवटी क्लोरीन. यीस्टचा संबंध नाही.

राहिलं बायोएन्झाइम. १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने. आमच्या गुऱ्हाळांच्या मुलखात गुळाला तोटा नाही, म्हणून घरोघरी बाटल्या. ते शेवटी आंबट पाणी, व्हिनेगरचा चुलतभाऊ. टाकीत ओतलं तर लघवीचा झणका कमी होतो, पण आंबट पाण्यात अंड्यांचा वायू थांबत नाही, उलट वर येतो. मात्र लघवीचा पांढरा थर भांड्यावर आणि टाकीच्या तोंडाशी बसतो, तो त्याने सुटतो. आमच्या घरी टाकी संडासाच्या भांड्यात रिकामी होते, मागून दोन बादल्या पाणी, मग रात्रभर पेलाभर बायोएन्झाइम आत ठेवून सकाळी धुवायचं. बाटली बायकोने दिलेली आहे, तिने त्यावर खडूने लिहिलंय, "भांड्यांना नाही".