ट्रॅकवर ब्रेक झिजण्याआधी तापतात

रस्त्यावरची साधी गाडी रेस ट्रॅकवर नेण्याची हौस आपल्याकडेही वाढू लागली आहे आणि तिच्याबरोबर एक मजकूरही गाडीप्रेमींमध्ये हातोहात फिरत आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी : ब्रेक पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर गाडी जशीच्या तशी ट्रॅकवर न्यावी, कारण तेथे ब्रेक लवकर झिजतात एवढेच, जी गाडी घाट उतरते तिला ट्रॅक जड नाही, कंपनीने ब्रेकची याहून कडक परीक्षा आधीच घेतलेली असते, एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ईएसपी (घसरती गाडी सावरणारी यंत्रणा) असल्यावर ब्रेक दगा देत नाहीत, तरीही धाकधूक वाटत असेल तर भोकांच्या डिस्क आणि डॉट ५ प्रतीचे ब्रेक ऑइल (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव) घालावे, आणि संध्याकाळी पॅडची जाडी पाहून निर्धास्तपणे घरी यावे. नवख्या माणसाने उगाच घाबरू नये हा त्यामागचा हेतू मला मान्य आहे. साध्या गाडीने ट्रॅकवर जरूर जावे, मीही जातो. परंतु या मजकुरात जे मोजायला सांगितले आहे तेच मुळात चुकीचे आहे.

पहिले विधान पॅडच्या जाडीचे. ट्रॅकवर पॅडची झीज कितीतरी पटींनी वाढते हे खरे आहे, कारण तापमान चढले की घर्षणद्रव्य भराभर सुटत जाते. मात्र माझ्या बाराशे सीसीच्या हॅचबॅकला चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर पहिल्यांदा जो प्रसंग आला, तेव्हा पॅड जवळजवळ नवे होते. पहिल्या तीन फेऱ्यांत पेडल पायाखाली घट्ट होते. चौथ्या फेरीत ते बोटभर खाली गेले, आणि पाचवीत सरळ रस्त्याच्या शेवटी पाय टाकला तेव्हा ते ओल्या स्पंजासारखे दबत थेट तळाशी टेकले. पाय उचलून दोनदा भराभर पंप केल्यावर थोडा दाब आला, गाडी वळणाबाहेरच्या मातीत उतरून थांबली, आणि तोवर काचा बंद असूनही जळक्या राळेचा वास आत भरला होता. पॅड त्या वेळी आठ मिलिमीटरहून जाड होते. संपली होती ती ब्रेक ऑइलची सहनशक्ती.

डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की हाच आकडा १५५ अंशांपर्यंत उतरला तरी ते मानकात बसते. ऑइलच्या टाकीच्या झाकणातून आणि रबरी नळ्यांतून ओलावा शिरतच असतो, त्यामुळे कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन पावसाळे काढलेल्या गाडीत कोणते ऑइल आहे याची कल्पना करता येईल. पिस्टनने पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडलचा दाब चाकापर्यंत पोहोचण्याऐवजी ते बुडबुडे दाबण्यातच खर्ची पडतो. जाडीचा येथे संबंध आहे, पण मजकुरात सांगितला आहे तसा नाही : पॅड हाच तापलेली डिस्क आणि पिस्टन यांच्यामधला उष्णतारोधक असतो, म्हणून निम्मा झिजलेला पॅड त्याच डिस्कची जास्त उष्णता ऑइलपर्यंत जाऊ देतो. ‘निम्मे शिल्लक आहेत, चालतील’ हा सल्ला झिजेच्या हिशेबाने बरोबर आहे. उष्णतेच्या हिशेबाने तो धोक्याचा आहे.

शिवाय पॅडचा स्वतःचा स्वभावही लक्षात घ्यावा लागतो. कंपनीचे पॅड थंडीत सकाळी पहिल्याच दाबाला पकडावेत, किंचाळू नयेत आणि डिस्क खाऊ नयेत अशा बेताने बनवलेले असतात. साधारण साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे त्यांतली राळ जळून वायू सुटू लागतो आणि पकड ओसरते. यात आणि ऑइल उकळण्यात फरक असा की येथे पेडल दगडासारखे घट्ट राहते, पण गाडी थांबत नाही. दोन्ही प्रकार नवख्याला ‘ब्रेक गेले’ असेच वाटतात. उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

घाटाची तुलना ऐकायला पटणारी असली तरी ती आकड्यांपुढे टिकत नाही. चालकासह ११०० किलोंची गाडी लोणावळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा ती सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. म्हणजे इंजिनाची आणि हवेची मदत शून्य धरली तरी सगळ्या घाटात मिळून ब्रेकवर जास्तीत जास्त ५९ लाख ज्यूल ऊर्जा येते. तीच गाडी ट्रॅकवर १४० किलोमीटर वेगावरून ७० वर आणली की एका ब्रेकिंगलाच सुमारे सव्वासहा लाख ज्यूल लागतात. इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा आहे. त्याच्या एका फेरीत असे चार जोरदार ब्रेकिंग धरले आणि बाकीचे सोडून दिले, तरी अडीच फेऱ्या पुऱ्या होण्याआधी संपूर्ण खंडाळ्याचा घाट ब्रेकवर उतरून होतो. साध्या हॅचबॅकला फेरीला दोन मिनिटे वीस सेकंद लागतात असे धरले, तर हा सारा प्रकार सहा मिनिटांच्या आतला आहे. पुढच्या चाकांवर साधारण सत्तर टक्के भार येतो, म्हणजे प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला दर ब्रेकिंगला जवळपास दोन लाख वीस हजार ज्यूल. पाच किलोंची बिडाची डिस्क त्याने एका दमात नव्वदएक अंशांनी तापते आणि पुढचे वळण येईपर्यंत पुरती निवतही नाही. शहरात ५० वेगावरून गाडी पूर्ण थांबवण्याला याच्या सहाव्या हिश्शाइतकीच ऊर्जा लागते.

गंमत म्हणजे मजकुरात ज्या घाटाचा दाखला दिला आहे तोच त्याच्या विरोधात साक्ष देतो. बोरघाटात न्यूट्रलवर सोडलेल्या मालट्रकचे ब्रेक निकामी होतात तेव्हा त्यांचे लायनर, म्हणजे ड्रम ब्रेकमधले घर्षणाचे पट्टे, त्याच दिवशी संपलेले नसतात, ते तापलेले असतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच घाट उतरा असे सांगितले जाते ते याचसाठी, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते. ट्रॅकवर मात्र इंजिनाच्या मदतीचा हा आसरा फारसा मिळत नाही, कारण सगळी गती दोन-तीन सेकंदांत उतरवायची असते.

आता कंपनीच्या चाचणीविषयी. प्रवासी मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर-१३एच हा नियम आहे आणि आपले एआयएस-१५० हे मानक त्याच्याच धर्तीवर बेतलेले आहे. त्यातल्या तापवण्याच्या चाचणीत गाडी कमाल वेगाच्या ८० टक्क्यांवरून, पण जास्तीत जास्त १२० वरून, निम्म्या वेगावर आणायची असते. हे दर ४५ सेकंदांनी, असे पंधरा वेळा आणि सेकंदाला तीन मीटर प्रतिसेकंद इतक्या मवाळ मंदनाने, म्हणजे वेग उतरण्याच्या दराने, करायचे असते. आपल्या ११०० किलोंच्या गाडीला यात सुमारे ६९ लाख ज्यूल पेलावे लागतात. ट्रॅकवरच्या आठ फेऱ्यांचे एक सत्र वरच्याच हिशेबाने दोन कोटींच्या घरात जाते. त्याहून महत्त्वाची बाब अशी की तापल्यानंतर ब्रेकने थंड असतानाच्या कामगिरीच्या ६० टक्के काम केले तरी गाडी या कसोटीपुरती उत्तीर्ण होते. रस्त्यासाठी हा नियम पुरेसा आणि समंजस आहे, आणि कंपन्या स्वतःच्या चाचण्यांत त्याच्याही पुढे जातात. पण वीस मिनिटांच्या ट्रॅक सत्राची हमी त्यातून निघत नाही. गाडीच्या मालकपुस्तिकेतला वॉरंटीचा भाग वाचला, तर शर्यतीसारख्या वापराबद्दल कंपन्या काय लिहितात तेही सहसा सापडते.

एबीएस चाक अडकू देत नाही. डिस्क थंड करणे हे त्याचे कामच नाही. ईएसपीचे प्रकरण थोडे उलटेच आहे. वळणात गाडी घसरू लागली की ते एखाद्या चाकाला आपणहून ब्रेक लावते, आणि काही गाड्यांत आतले चाक फिरत सुटू नये म्हणूनही ब्रेकच वापरले जातात. त्यामुळे बेताल हाकणाऱ्याच्या गाडीत चालकाने पेडलला पाय न लावताही ब्रेक तापत राहतात. म्हणून नवख्याने ईएसपी बंद करावे असे मी मुळीच म्हणणार नाही. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा वारंवार लुकलुकत असेल तर हाकण्यात सुधारणा करावी, एवढेच.

भोकांच्या डिस्कचा सल्ला दिसायला देखणा आहे. जुन्या काळच्या पॅडमधून भरपूर वायू सुटत असे, त्याला वाट करून देण्यासाठी भोके पाडली जात. आजच्या पॅडना त्याची तितकी गरज उरलेली नाही. भोकांमुळे डिस्कचे वजन, म्हणजे उष्णता साठवण्याची ताकद, कमी होते आणि वारंवार तापण्या-निवण्याने भोकांच्या कडांपासून तडे जाऊ लागतात. बाजारातल्या स्वस्त भोकांच्या डिस्कपेक्षा कंपनीची साधी, मधून हवा खेळणारी डिस्क मी केव्हाही पसंत करीन. डॉट ५ चा सल्ला तर सरळसरळ चुकीचा आहे. ते सिलिकॉनचे असते, डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ मध्ये मिसळत नाही, अधिक दबते आणि एबीएसच्या गाडीत ते घालू नये असेच सांगितले जाते. ५ आणि ५.१ या आकड्यांमधला तो टिंब फार महागात पडू शकतो. खरा उपाय स्वस्त आणि कंटाळवाणा आहे : जाण्याच्या आठवड्यात चांगल्या उत्कलनबिंदूचे सीलबंद डॉट ४ घालून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा नीट काढून घ्यावी. दुसऱ्या खेपेला मी एवढेच केले आणि तशाच पॅडवर सलग सहा फेऱ्या पेडल जागचे हलले नाही. मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असल्याची नामुष्कीही कोणी वाटून घेऊ नये. बहुतेक भार पुढे असल्याने आधी हात टेकतात ते पुढचेच ब्रेक.

सत्र संपल्यावर एक फेरी जवळजवळ ब्रेक न लावता काढावी, आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावावा. तापलेल्या डिस्कवर पॅड तसाच दाबून धरला तर त्याचा थर त्या जागी चिकटतो आणि मग पेडल थरथरू लागते. पुष्कळदा लोक ज्याला ‘डिस्क वाकली’ म्हणतात ती प्रत्यक्षात वाकलेली नसते.

राहता राहिला संध्याकाळी जाडी पाहण्याचा प्रश्न. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. त्या पहिल्या खेपेला माझा बाहेरचा पॅड सहा मिलिमीटर भरला आणि चाक काढून पाहिले तर आतला साडेचार. त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि पिस्टनभोवतीचे रबर बोटाने दाबताच तडकले. बाहेरून पाहिले असते तर मी निर्धास्तपणे निघालो असतो. त्याऐवजी श्रीपेरुंबुदूरच्या एका गॅरेजात पॅड आणि ती रबरे बदलली, ऑइल काढले तर ते कोऱ्या चहासारखे काळे निघाले, आणि दुसऱ्या दिवशी रात्री खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढच्या उतारावरच्या वळणात पाय टाकला तेव्हा पेडल जिथे थांबायला हवे तिथेच थांबले.