स्पेन गेला तिथे हुकूमशहाच उगवतो म्हणे!

एल साल्वादोरचे राष्ट्राध्यक्ष बुकेले यांच्या महातुरुंगाची रील आली, की तिच्याखाली हा मजकूर हमखास चिकटलेला असतो: "स्पेनने जिथे राज्य केलं, तिथल्या लोकांना एकच भाषा कळते, दंडुक्याची. अर्जेंटिनाचा पेरॉन बघा, चिलीचा पिनोशे बघा, क्यूबाचा कास्त्रो बघा, तिकडे फिलिपीन्सचा मार्कोस बघा. हे त्यांच्या रक्तातच आहे. लोकशाही त्यांना पचत नाही." मराठी ग्रुपांवर त्याला "आपल्यालाही असाच माणूस हवा" अशी पुस्तीही जोडतात. पुस्तीचं राहू द्या. मूळ दावाच तपासू, कारण त्यातली नावं खरी आहेत आणि जोडणी खोटी.

"एकाच्या हाती सगळी सत्ता, ही सवय स्पेननेच लावली."

स्पेनचा राजा निरंकुश होता, यात वाद नाही. पण समुद्रापलीकडे आपला कुणी सरदार डोईजड होऊ नये, याची धास्ती त्यालाच सर्वांत जास्त होती. म्हणून व्हाइसरॉयच्या शेजारी वरिष्ठ न्यायालय बसवलेलं असे आणि ते त्याला डावलून थेट राजाला पत्र लिहू शके. मुदत संपली की अधिकाऱ्याची 'रेसिदेन्सिया' नावाची चौकशी लागे. त्यात रयतेलाही तक्रार करता येई. लाचखोरी भरपूर होती, मूलनिवासी लोकांवरचा जुलूम तर भयंकरच, पण वसाहतीच्या तीनशे वर्षांत फौजेच्या जोरावर गादी बळकावून बसलेला व्हाइसरॉय विरळाच.

तसा पुढारी आला तो 1810 नंतर, स्वातंत्र्ययुद्धांच्या धामधुमीत. राजाचा अंमल उठला, तिजोऱ्या रिकाम्या, न्यायालयांचं कुणी ऐकेना. उरले ते जमीन, घोडे आणि हत्यारबंद माणसं बाळगून असलेले जमीनदार आणि सेनानी. कौदिल्यो म्हणतात ते हे. स्पेनचं राज्य कोसळल्यावर जी पोकळी झाली, तिच्यातून ते वर आले.

गंमत म्हणजे 'दोष स्पॅनिश वारशाचा' हे निदान मूळचं तिथलंच आहे. अर्जेंटिनाचे लेखक सार्मिएंतो यांनी 1845 मध्ये चिलीत परागंदा असताना ते मांडलं. रोष होता तिथला हुकूमशहा रोसास याच्यावर, ज्याने ब्वेनोस आइरेसच्या लोकांना छातीवर लाल फीत लावायची सक्ती केली होती. राग रास्तच होता. निदानात मात्र युरोपाकडे डोळे लावून बसलेल्या शिकल्यासवरल्यांचा गावाकडच्या माणसाविषयीचा तिटकारा पुरेपूर उतरला होता. फॉरवर्ड करणाऱ्यांना बहुधा ठाऊकही नसेल, की आपण पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा कुणाचा तरी तिटकारा पुढे ढकलतोय.

"लोकांनाच असा नेता आवडतो."

मेक्सिकोच्या सांता आनाच्या पायाची गोष्ट घ्या. 1838 मध्ये वेराक्रूसला फ्रेंचांशी लढताना या जनरलचा पाय गेला. पुढे सत्तेत असताना, 1842 मध्ये, त्याने तो पाय मेक्सिको शहरात आणवून लष्करी इतमामात पुरला. हसू येतं, आणि दावा करणाऱ्यांना हवा तसला पुरावाही मिळतो. पण पुढचं कुणी सांगत नाही. दोनच वर्षांनी लोकांनी तोच पाय उकरून काढला आणि रस्त्यातून फरफटवला.

हे दांडगाईचं उत्तर झालं. मतपेटीतून दिलेली उत्तरं अधिक बोलकी आहेत. उरुग्वेमध्ये 1973 पासून लष्कराची सत्ता होती. 1980 मध्ये जनरलांनी आपल्या सोयीची राज्यघटना मतदानाला ठेवली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, पक्षांवर बंदी, तरीही सुमारे 57 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. चिलीत 5 ऑक्टोबर 1988 ला पिनोशेला आणखी आठ वर्षं द्यायची का, असा कौल घेतला गेला. तिथेही 'नाही'च जिंकलं.

बोलिव्हियाचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तिथला नेता खरोखर लोकांचा लाडका होता. आयमारा या मूलनिवासी समाजाचे एव्हो मोरालेस 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. 2009 च्या घटनेने स्पॅनिशच्या जोडीला 36 मूलनिवासी भाषांना अधिकृत दर्जा दिला. ज्यांच्या आज्यांना लुगड्या-टोपीवरून हिणवलं जायचं, त्यांच्यासाठी हे किती मोठं होतं ते सांगायला नको. एवढं असूनही फेब्रुवारी 2016 मध्ये 'चौथ्यांदा उभं राहू द्या' म्हटल्यावर मतदारांनी, थोडक्या मतांनी का होईना, नकार दिला. मोरालेस यांनी कोर्टाकडून वाट काढली आणि ते उभे राहिलेच. तो हट्ट नेत्याचा होता. मतदारांनी आपलं म्हणणं आधीच सांगितलं होतं.

आता कुणी म्हणेल, स्पेन-पोर्तुगालचा सगळा वारसाच तसा. मग गोव्याचं काय? साडेचारशे वर्षं पोर्तुगीज अंमल, शेवटी सालाझारची हुकूमशाही, आणि 1961 मध्ये सुटका. 1967 च्या जनमत कौलाआधी, मतदान निःपक्ष व्हावं म्हणून, भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने राजीनामा दिला. कौल महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या विरोधात गेला. भाऊसाहेबांनी तो मानला आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले.

"मग मध्य अमेरिकेत इतके हुकूमशहा का?"

निकाराग्वात 1912 ते 1933 बहुतेक काळ अमेरिकेचे मरीन सैनिक होते. जाताना त्यांनी उभारलेलं नॅशनल गार्ड मागे ठेवलं. त्याचा प्रमुख सोमोसा, आणि त्याच्या घराण्याने 1979 पर्यंत देश पिळला. डोमिनिकन प्रजासत्ताकातही अमेरिकी ताब्याच्या काळात घडवलेल्या दलातूनच हुकूमशहा त्रुहियो वर आला. ग्वाटेमालात 1954 मध्ये निवडून आलेलं आर्बेन्झ सरकार सीआयएने पाडलं, कारण त्यांचा जमीन सुधारणा कायदा युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीच्या पडीक जमिनींना भिडला होता. सगळंच पाप अमेरिकेच्या माथी मारता येणार नाही. रोसास घरचाच होता, पेरॉनही. पण बंदुका कुणी पुरवल्या हे न बघता रक्त तपासायला बसणं म्हणजे कमालच.

निकाराग्वाला खेटून कोस्टा रिका आहे. भाषा तीच, चर्च तेच. 1948 च्या यादवीत जिंकलेल्या होसे फिगेरेस यांनी त्याच वर्षी 1 डिसेंबरला बेयाव्हिस्ता छावणीच्या भिंतीवर हातोडा घातला आणि फौज बरखास्त केली. वर्षभरात त्यांनी सत्ता रीतसर निवडून आलेल्या उलाते यांच्या हाती दिली. त्या छावणीत आता राष्ट्रीय संग्रहालय आहे.

"फिलिपीन्स बघा, इक्वेटोरियल गिनी बघा."

मार्कोसचा जन्म 1917 चा, म्हणजे अमेरिकी अमदानीतला. 1972 चा लष्करी कायदा त्याने इंग्रजीत लिहिलेल्या फर्मानाने लावला, तोही अमेरिकी राजवटीत तयार झालेल्या घटनेच्या आधाराने. आफ्रिकेतल्या इक्वेटोरियल गिनीत, म्हणजे स्पेनच्या जुन्या वसाहतीत, ओबियांग 1979 पासून सत्तेत आहे, खरं. पण शेजारच्या गॅबॉनमध्ये बोंगो बापलेक 1967 ते 2023 होते आणि कॅमेरूनमध्ये बिया 1982 मध्ये आले. तिथे स्पॅनिश कुठे आहे?

"पण बुकेले तर तुफान लोकप्रिय आहेत!"

आहेत. 2015 मध्ये ज्या देशात लाखामागे शंभरावर खून होत होते, तिथे संध्याकाळी पोर घराबाहेर खेळू लागलं, तर आई-बाप मत देणारच. त्याला संस्कृतीचं कोडं कशाला हवं? मात्र तिथली सत्ता कशी एकवटली याचे टप्पे कागदावर आहेत. मे 2021 मध्ये नव्या संसदेने पहिल्याच दिवशी घटनापीठाचे न्यायमूर्ती हटवले. नव्या न्यायमूर्तींनी काही महिन्यांत सलग दुसऱ्या कार्यकाळाला मोकळीक दिली आणि 2025 मध्ये कितीही वेळा निवडून येण्याची मुभा मिळाली.

त्याच सुमारास शेजारच्या ग्वाटेमालात बेर्नार्दो आरेव्हालो निवडून आले आणि सरकारी वकील कार्यालयाने निकाल उलटवण्याचा घाट घातला. 2 ऑक्टोबर 2023 पासून तोतोनिकापानच्या किचे माया समाजाची '48 कांतोनेस' ही पंचायत आणि इतर मूलनिवासी संघटना त्या कार्यालयासमोर ठाण मांडून बसल्या. या पंचायतीचे पदाधिकारी गावसभेत निवडले जातात, वर्षभर बिनपगारी सेवा करतात, आणि पद संपलं की हातातली मानाची काठी पुढच्याला देतात. शंभराहून अधिक दिवस ते हटले नाहीत. जानेवारी 2024 मध्ये, संसदेने दिवसभर रखडवल्यावर, मध्यरात्र उलटून गेल्यावर आरेव्हालो यांनी शपथ घेतली. नावांची ती यादी फॉरवर्ड करायचीच असेल, तर ही पंचायतही त्यात घाला.