कोर्टात जाताय? डिक्शनरी घरी ठेवा

केस टाकायची म्हणताय? टाका की. फक्त एक करा, घरातली डिक्शनरी आधी माळ्यावर टाका. अकोल्याच्या विड्याच्या पानांच्या व्यापाऱ्यांनी हे केलं नाही आणि फसले. भाजीवर विक्रीकर माफ होता, तर ते म्हणाले पान वेलीला येतं, वेल म्हणजे वनस्पती, म्हणजे आमचं पान भाजीच झालं ना राव! सुप्रीम कोर्टाने 1961 मध्ये सांगितलं की वनस्पतीशास्त्र राहू द्या, परसात किंवा शेतात पिकते आणि जेवणात खातात ती भाजी, चारचौघं ज्याला भाजी म्हणतात ती. (बरोबरच आहे म्हणा, विडा पंगत उठल्यावर येतो.) पुढे 1967 ला कोळशाचंही तेच, लाकडाचा असो की खाणीतला, लोक दोन्हीला कोळसाच म्हणतात ना, मग कायद्यातही कोळसाच. आणि कर लावताना खोबरेल तेल खायचं धरायचं की केसांना लावायचं, हे 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींचं जमलं नाही म्हणून तिघांपुढे गेलं, 2024 च्या डिसेंबरात निकाल लागला की बाटली छोटी आहे म्हणून ते आपोआप केसांचं होत नाही, लेबल काय म्हणतं ते बघा. तेव्हा डोक्याला चोपडायच्या आधी लेबल वाचत जा.

आता तुम्ही म्हणाल सोपंय, लोक म्हणतील तो अर्थ. थांबा, घाई करू नका. हा नियम पान, कोळसा, तेल यांच्यासाठी. शब्द जर न्यायाधीशांच्याच नेमणुकीचा असेल तर चारचौघांना कोण विचारतंय? राज्यघटनेत लिहिलंय, राष्ट्रपतींनी सरन्यायाधीशांशी सल्लामसलत करून नेमणूक करायची. 1981 मध्ये सात न्यायमूर्ती बहुमताने म्हणाले सल्लामसलत म्हणजे संमती नव्हे. 1993 मध्ये नऊ जण बसले आणि बहुमताने ठरलं की सरन्यायाधीशांचंच मत वरचढ. घटनेतलं अक्षर तेच, कानामात्रासुद्धा हलली नाही, आणि त्यातून अख्खं कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची पद्धत, निघालं! लग्न ठरवताना मामाचा सल्ला घेतात हो, पण म्हणून मामाच मुलगी पसंत करून मोकळा झाला तर चालेल का तुमच्याकडे?

राहता राहिले मूलभूत हक्क. इथे माझा सल्ला एकच, अटक व्हायचंच असेल तर साल बघून व्हा. 1950 घेऊ नका, तेव्हा संसदेने केला तो कायदा आणि त्यात लिहिली ती अटकेची प्रक्रिया, विषय संपला. 1978 चांगलं, तेव्हापासून प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी पण असावी लागते. 1976 तर चुकूनही नको. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का, याच्या सुनावणीत सरकारी वकिलाला न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला तर दाद कुठे मागायची, उत्तर आलं आणीबाणी आहे तोवर कुठेच नाही, आणि तरी पाचपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले, खन्ना एकटे उरले. त्या चारांत आपल्या पुण्याचे यशवंत चंद्रचूड. तो निकाल चुकला होता असं 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट लिहिलं, आणि लिहिणारे कोण तर त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड. म्हणजे न्याय मिळतो हो, 41 वर्षं दम धरायची तयारी पाहिजे.

तर वकील गाठलात की फी नंतर विचारा, आधी विचारा की आपल्या जजसाहेबांचा मुलगा सध्या कितवीला आहे.