नांदेडहून समुद्र किती लांब?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास या किनाऱ्यावरच्या गावातल्या कासवांवरचा तुमचा लेख दोनदा वाचला. २००२पासून गावकरी ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी उकरून कुंपणाच्या आत पुन्हा वाळूत पुरतात, ४५ ते ६० दिवस राखण करतात, पिल्लं निघाली की लाटेपर्यंत सोडतात. वाचताना भरून आलं. पण लेखाखाली एका वाचकानं लिहिलंय, "मराठवाड्याला समुद्राचं काय?" हे मला पटलं नाही हो.

आमच्या नांदेडच्या घाटावरून जाणारी गोदावरी थेट बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे, अन् तिथल्या होप बेटावर हीच कासवं अंडी घालायला येतात. आम्ही निर्माल्य पिशवीसकट नदीत टाकतो. पहिल्या मोठ्या पुरात ती पिशवी पुढं निघते, अन् पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिश वाटते.

यंदा आम्ही गल्लीतली पाच-सहा घरं निर्माल्य घरच्याच खड्ड्यात जिरवतोय. मुलांना मार्चमध्ये वेळासला न्यायचंय. राहण्याची सोय गावात कुणाकडे होते, तेवढं कळवाल का?