पाच कोंबड्या, रोज पाच अंडी? त्या मेसेजचं एकेक वाक्य घेऊया

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: "परसात फक्त पाच कोंबड्या सोडा आणि रोज पाच अंडी घ्या. घरातलं खरकटं हेच त्यांचं खाणं. बागेतले किडे त्याच संपवतात, वर खत फुकट. घरच्या कोंबड्यांना आजार होत नाहीत. एक कोंबडा मात्र हवाच, त्याशिवाय अंडी नाहीत. बाहेर जायचं असेल तर दाणापाणी भरून ठेवा, आठवडाभर बघावं लागत नाही." खाली हात जोडलेले आणि सगळ्यांना पाठवा. मी स्वतः कोंबड्या पाळते आणि अजून कुणी पाळल्या तर मला आनंदच आहे, पण हे वाचून कोणी उठून पाच कोंबड्या घेऊन आलं तर थोड्याच दिवसात एकतर कोंबड्या जातात नाहीतर माणूस वैतागतो.

"रोज पाच अंडी." एक अंडं तयार व्हायला कोंबडीच्या पोटात साधारण 24 ते 26 तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढायला. त्यामुळे आज सकाळी लवकर घातलं तर उद्या थोडं उशिरा, परवा अजून उशिरा, असं सरकत सरकत दुपारपर्यंत जातं आणि मग एक दिवस खाडा. पाच कोंबड्यांची रोज पाच अंडी हा हिशोब इथेच बसत नाही. चांगली हायब्रीड लेयर, म्हणजे खास अंड्यांसाठी तयार केलेली संकरित कोंबडी, वर्षाला 300 च्या आसपास देते हे खरं, पण ती ऐन भरात असताना, नीट खाद्यावर, आणि रोज 14-16 तास उजेड मिळाला तर. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, कारण अंडं घालायचं की नाही हे तिचं शरीर उजेडावरून ठरवतं. गावठी जात तर याच्या निम्मीही अंडी देत नाही.

त्यात वर्षातून एकदा पिसं झडतात. नवीन माणूस हमखास घाबरतो, कारण खुराड्यात सगळीकडे पिसं पडलेली, कोंबडी अर्धी उघडी आणि अंडी बंद. आजार वगैरे काही नसतो, पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रोटीनच, तेव्हा नवी पिसं आणि अंडी दोन्ही एकदम शरीराला झेपत नाही. दोन-तीन महिने यात जातात. आणि खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की वेगळीच तऱ्हा! खाली फलित अंडं असो नसो, ती पिसं फुलवून अंडी घालायच्या खोक्यात बसून राहते, हात घातला की टोचते, जेमतेम एकदा उठून खाऊन येते, आणि पिल्लं निघायला 21 दिवस लागतात पण हिला ते कोण सांगणार, त्यापुढेही ती बसूनच राहते. अंडी वेळच्यावेळी उचलायची आणि तिला खालून हवा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवायचं, खाणंपाणी देऊन, पोट गार झालं की बहुतेक वेळा डोकं ताळ्यावर येतं. तलंगा, म्हणजे अजून अंडी न घालणाऱ्या तरण्या कोंबड्या, आणल्या तर पहिलं अंडं वयाच्या पाचव्या-सहाव्या महिन्यात, म्हणजे पिल्लापासून सुरुवात केली तर तोपर्यंत नुसतं खायला घालायचं. मेसेजवाल्याने या सगळ्याचा मिळून हिशोब केलाय पाच गुणिले रोज.

"कोंबडा हवाच." नाही. अंडं कोंबडी घालते, कोंबडा असो वा नसो. पिल्लं काढायची असतील तरच तो लागतो. आणि तो फक्त पहाटे आरवतो या भ्रमात राहू नका, शेजारी आधी बघा.

आता "खरकटं हेच खाणं", यावर मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त कोंबड्या याच वाक्याने खराब होतात. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात 16 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम लागतं. एका कवचात जवळजवळ दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, खाण्यातून मिळालं नाही तर ती स्वतःच्या हाडांतून काढून देते. घरातलं उरलंसुरलं म्हणजे बहुतेक पिठूळ आणि खारट-तेलकट. त्यावर कोंबडी गुबगुबीत दिसते म्हणून आपण खूश, पण आत चरबी साठते, कवच पातळ होतं, कधी तर बिनकवचाचं मऊ अंडं पडतं, मग ते खोक्यात फुटतं, एखादी चाखून बघते, आणि एकदा अंडं खायची चटक लागली की ती मोडणं महाकठीण. त्यामुळे मुख्य खाणं लेयर फीडच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणारं तयार खाद्य, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, ज्या कोंबडीला गरज आहे ती आपापलं खाते. तो सरसकट खाद्यात मिसळायचा नाही, कारण तलंगांना आणि कोंबड्याला जास्तीचं कॅल्शियम किडनीला बाधतं. उरलेलं अन्न द्या की, पण वरचा खाऊ म्हणून, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत. बुरशी आलेलं, खारट, चॉकलेट, ॲव्होकॅडोची साल आणि बी, कच्चा राजमा, हिरवट झालेल्या बटाट्याची सालं हे अजिबात नाही. संध्याकाळी जे उरेल ते उचलून ठेवा, नाहीतर रात्री उंदीर-घुशींची पंगत.

"किडे संपवतात." अर्धं खरं. संपवतात, पण त्याबरोबर गांडुळं, नुकतं पेरलेलं बी, कोवळी रोपं आणि वाफ्याचा आकारसुद्धा संपवतात. कोंबडीला उकरायला कुणी शिकवावं लागत नाही आणि थांबवता तर मुळीच येत नाही. खताचंही तसंच: ताजं कोंबडखत नायट्रोजनने इतकं तेज असतं की मुळं जळतात, वाळल्या पानांबरोबर काही महिने कुजू द्यावं लागतं. आणि ते आपोआप गोळा होत नाही. एक कोंबडी रोज शंभरएक ग्रॅम तरी घाण करते, त्यातली बरीच रात्री त्या ज्या दांडीवर बसून झोपतात तिच्याखाली, आणि खालचा भुसा ओला राहिला की अमोनियाचा वास डोळ्यात झोंबतो. आपल्याला उभं राहून झोंबतो, त्या तर त्यातच झोपतात.

"घरच्या कोंबड्यांना आजार होत नाहीत." हे वाक्य कुणी लिहिलं त्याला मानमोडी, म्हणजे राणीखेत, माहीत नसावी. विषाणू तुमच्या चपलेवरून येतो, रानपक्ष्यांकडून येतो, नव्या आणलेल्या कोंबडीबरोबर येतो, आणि एकदा शिरला की अख्खा कळप जाऊ शकतो. लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंबाने देतात, पुढचे डोस पशुवैद्यकाला विचारून. नवीन पक्षी महिनाभर वेगळा ठेवायचा. लाल माइट (गोचिडीसारखे बारीक जीव) हा त्याहून छुपा प्रकार, दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री येऊन रक्त पितात, त्यामुळे दिवसा कितीही बघा काही दिसत नाही आणि तुरे मात्र फिकट पडत जातात. रात्री टॉर्च घेऊन दांडीची खालची बाजू बघा. कोरड्या मातीचा एक कोपराही ठेवा, त्यात लोळून त्या पिसं स्वच्छ ठेवतात. आणि धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीतही साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो, तेव्हा हात धुवा, मुलांना पिल्लांचे पापे घेऊ देऊ नका, कितीही गोड दिसली तरी.

"आठवडाभर बघावं लागत नाही." एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पटसुद्धा. तिला घाम येत नाही, नुसती चोच उघडून धापा टाकते, आणि भांडं एकदा पालथं झालं की कडक उन्हात जीव जायला एक दुपार पुरते. अंधार पडायला लागला की त्या आपापल्या खुराड्यात जातात, पण मागून दार कोण लावणार? मांजर, साप, कुत्रं, सगळे रात्रीचीच वाट बघत असतात. षटकोनी भोकांची ती स्वस्त जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, तो ती फाडतो. अर्धा इंची वेल्डमेश (जोड वेल्ड केलेली मजबूत तारेची जाळी) लावा आणि कडेने जमिनीत फूटभर पुरा, कारण काही जण खालून उकरून येतात. एवढं करूनही रोज संध्याकाळी कोणीतरी मोजून दार लावणारं माणूस हवंच, सुट्टीवर जायच्या आधी ते शोधा.

एक गोष्ट मेसेजने काढलीच नाही. अंडी पहिली दोन-तीन वर्षं चांगली मिळतात, मग कमी होत जातात, आणि कोंबडी सहा-आठ वर्षं सहज जगते, कधी जास्तही. उरलेली वर्षं तिला नुसतं सांभाळायचं, कुणाला द्यायचं की कापायचं हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा, आणि ते कोंबड्या आणायच्या आधी, मुलांनी नावं ठेवल्यावर नाही.