मदत दिली म्हणून किती बोलायचं?

मालदीवचा विषय निघाला की आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच सूर लागतो: ‘एवढं केलं त्यांच्यासाठी, तरी शेवटी चीनच्याच गळ्यात गळा!’ 1988 मध्ये तिथलं बंड मोडायला आपण सैन्य पाठवलं, 2014 मध्ये मालेला पिण्याचं पाणी पोचवलं, आणि 2023 मध्ये मुइझ्झू ‘इंडिया आउट’ म्हणत तिथले अध्यक्ष म्हणून निवडून आले. राग येणारच. पण इथे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला हाच सूर गोऱ्या तोंडून ऐकायला मिळतो, तेव्हा त्यातली मालकी कानाला खटकते.

इथला मालदीव म्हणजे कुक आयलंड्स. प्रशांत महासागरातली 15 बेटं, जेमतेम 15 हजार वस्ती. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले त्यांचे लोक याच्या पाचपटीहून जास्त. 1965 पासून कारभार त्यांचा, नागरिकत्व आणि चलन मात्र न्यूझीलंडचं. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधान मार्क ब्राउन चीनशी व्यापक भागीदारीचा करार करून आले. समुद्रतळाच्या खनिजांवरही वेगळा समझोता झाला. मसुदा आधी दाखवला नाही, म्हणून वेलिंग्टन, म्हणजे न्यूझीलंडचं सरकार, भडकलं. दोघांच्या 2001 च्या संयुक्त जाहीरनाम्यात सल्लामसलतीचं वचन आहे, तेव्हा तक्रार खोटी नव्हती. पण कुक आयलंड्सच्या मुख्य बेटावरच्या, रारोटोंगाच्या जुन्या जलवाहिन्या बदलायच्या योजनेत 2012 साली न्यूझीलंड स्वतःच चीनचं भागीदार झालं होतं! तेव्हा चीन चालला, कारण वेलिंग्टनला विचारून आला होता.

पुढे न्यूझीलंडने कुक आयलंड्सच्या मदतीचे 1 कोटी 82 लाख न्यूझीलंड डॉलर थांबवले. हा पैसा आरोग्य, शिक्षण आणि पर्यटनासाठीचा. आमच्या ऑफिसात रारोटोंगाची एक सहकारी आहे, सणावाराला डोक्यावर फुलांचा भरघोस मुकुट घालून येते. ब्राउन यांनी वेगळ्या पासपोर्टचं पिल्लू सोडलं होतं, तेव्हा ती त्यांच्यावर जाम उखडलेली. तिकडे संसदेबाहेर लोक न्यूझीलंडचे पासपोर्ट उंचावून उभे होते. (ज्या पासपोर्टसाठी आम्हाला भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, तो यांना जन्मतः मिळतो. हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू?) पण मदत थांबल्यावर तीच म्हणाली, ‘चूक ब्राउनची, आणि पैसे अडवले दवाखान्याचे!’

मला तिचं पटतं. आपल्याच जनतेपासून करार झाकणाऱ्या पंतप्रधानाला जाब विचारायचा हक्क तिथल्या मतदारांचा. मदत रोखून तो हक्क वेलिंग्टनने स्वतःकडे ओढला, आणि ब्राउनना ‘बघा, दादागिरी’ म्हणायची आयती सोय करून दिली.

या बाबतीत दिल्ली शहाणी निघाली, ग्रुपवरचे काका-मामा काहीही म्हणोत. मे 2024 पर्यंत मालदीवमधले आपले सैनिक परत बोलावले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठवले, मालदीवच्या 5 कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मुदतवाढही दिली. जुलै 2025 मध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला मोदी प्रमुख पाहुणे होते आणि यजमान तेच ‘इंडिया आउट’वाले मुइझ्झू. ‘बॉयकॉट मालदीव’चे मेसेज फिरवणाऱ्यांनी त्या दिवशी ग्रुपवर मोदींचे फोटो टाकले.