खांदेमळणी आणि डच घोडे

बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सशर्त परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला, तरी गावाकडच्या व्हॉट्सॲप गटांवरचा वाद काही शमलेला नाही. नेदरलँड्समधल्या हेगमध्ये बसून तो वाचताना मला खटकते ते एवढेच, की परंपरेचा अभिमान सांगणारे असोत वा क्रौर्याचा आरोप करणारे, दोघांनाही बैल दिसतो तो शर्यतीच्या दिवशीच.

इथल्या चित्रकारांनी राबते जनावर पाहिले. शेजारच्या स्खेवेनिंगेनला १९०४ पर्यंत बंदर नव्हते; त्यामुळे मासेमारीच्या सपाट बुडाच्या होड्या घोडे जुंपून वाळूवर ओढून घ्याव्या लागत, आणि एकोणिसाव्या शतकातल्या ‘हेग स्कूल’ या चित्रकारांच्या गटातला अँटन मोव्ह याने तेच काम चित्रांत आणले. त्याच्याकडे काही काळ शिकलेल्या व्हॅन गॉगने १८८२ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्या थकल्या घोड्यांच्या निमूट सोसण्याबद्दल भरभरून लिहिले आहे. त्याच काळातला चित्रकार ब्राइटनर याने ॲमस्टरडॅममधल्या ट्रामचे आणि बांधकामावरच्या गाड्यांचे घोडे टिपले. अशा घोड्यांची पेन्सिलीतली रेखाटने जवळून पाहावीत: मागचा एक पाय सैल, खुराचे टोक तेवढे टेकलेले, त्यामुळे पुठ्ठा एका अंगाला कललेला, आणि ओझ्याचा सगळा भार जिथे येतो त्या गळपट्ट्यापाशी रेघ दाबून काढलेली.

अर्थात डचांना फार डोक्यावर घेण्याचे कारण नाही. मोव्हच्या मेंढरांच्या चित्रांना अमेरिकेत एवढी मागणी होती, की मेंढ्या समोरून येताना दाखवल्या तर एक भाव आणि पाठमोऱ्या असतील तर दुसरा, असे सांगतात. शिवाय चित्रे काढल्यामुळे घोड्यांचे कष्ट कमी झाले, असेही नाही. ते कमी केले विजेच्या ट्रामने आणि ट्रॅक्टरने.

पण ही नजर आपल्याकडे नव्हती, हेही खरे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळणाऱ्या शेतकऱ्याला भार कुठे येतो हे पक्के ठाऊक असते. मग आपल्या वादात जुवामुळे येणाऱ्या खांदेसुजीचा शब्दही का नसावा? नांगरट ट्रॅक्टरकडे गेल्यावर शर्यतीत न धावणाऱ्या बैलाची वैरण कोणी भरायची, हा प्रश्न तर बंदीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी सारखाच टाळला आहे.